आज्जीला काय काय यायचं, तेही छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरातल्या निधनवार्तांबद्दल थोडं लिहायचंय. कोल्हापुरात सकाळी पेपर आला की निम्मी माणसं आधी तेच पान उघडतात, आमच्या घरी पण तसंच, कोण गेलं, कुठल्या पेठेतलं, रक्षाविसर्जन किती वाजता, आपल्याला जायला पाहिजे का. मागच्या महिन्यात आमची आज्जी गेली, वय ८४, आणि तिचीही बातमी त्या पानावर आली. नाव, वय, कुणाची पत्नी, कुणाची आई, पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं, परतवंडं असा परिवार, रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊला पंचगंगा स्मशानभूमीत. मजकूर आमच्या काकांनीच दिलेला आणि आपण जसाच्या तसा छापला, त्यात चुकीचं काहीच नाही. पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की यात आज्जी कुठाय? सगळा परिवार आलाय, ती सोडून. त्याच पानावर पुरुषांच्या बातम्या होत्या त्यात निवृत्त अमुक, माजी तमुक, तालमीचे जुने खेळाडू असं काही ना काही होतं. बायकांच्या बातम्यांत तेवढंही नव्हतं.

तर विनंती अशी की बाईच्या निधनवार्तेत एक तरी ओळ असावी की तिला काय यायचं आणि तिचा जीव कशात रमायचा. घरच्यांनी लिहून आणली नसेल तर बातमी घेणाऱ्या माणसानं विचारून घ्यावी, दोन मिनिटं लागतील. आज्जीचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही, कारण हे तिच्या एकटीपुरतं नाही. पण ती कशी होती ते सांगितल्याशिवाय मी एवढं का म्हणतेय ते कळणार नाही, त्यामुळं पत्र लांबणार, जमेल तेवढं छापा.

आज्जीचं माहेर भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न आणि शुक्रवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर. आजोबा शाहू मिलमध्ये कामाला होते. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, ही मिल शाहू महाराजांनी १९०६ ला सुरू केलेली आणि २००३ ला बंद पडली. आज्जीचा सगळा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा, डबा कधी भरायचा, चूल कधी पेटवायची, पोरांना कधी उठवायचं सगळं त्यावर. आजोबा मिलमधून कापडाचे तुकडे आणायचे आणि ते तुकडे आज्जीच्या हातात पडले की त्याची वाकळ व्हायची. वाकळ म्हणजे पुण्यामुंबईकडची गोधडी.

वाकळ शिवताना तिला ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. जेवणं आटोपली, भांडी झाली की दुपारी ती मधल्या खोलीत खाली एक जुनं लुगडं पसरायची, त्यावर धुऊन वाळवलेली धोतरं, फाटके सदरे, चादरी, मिलचे तुकडे असं एकावर एक लावत जायचं, कुठं उंच कुठं सखल होऊ द्यायचं नाही, वर परत एक लुगडं, मग चारी बाजूनं मोठे टाके घालून सगळं जागेवर अडकवायचं आणि मग कडेपासून धावदोरा सुरू, चौकोनात चौकोन, फिरत फिरत मध्यापर्यंत. एका वाकळेला महिना महिना जायचा. टाके एवढे सारखे की बघणाऱ्याला मशिनचे वाटायचे. आणि कुठला तुकडा कुणाचा हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं, ही खाकी म्हणजे थोरल्याच्या शाळेची चड्डी, हे निळं आत्याचं परकर पोलकं, ही किनार तिच्या आईच्या लुगड्याची. आम्ही लहानपणी वाकळेवर झोपून एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचो हे कुणाचं, हे कुणाचं, आणि ती प्रत्येकाची गोष्ट सांगायची. आज्जीच्या सासूला मी कधी बघितलं नाही, पण तिचं लुगडं अंगावर घेऊन मी वाढलेय.

घरात बाळ यायचं असलं की डोहाळजेवणाच्या आधीच छोटी वाकळ तयार असायची. माझी पण आहे, माझ्या लेकीची पण आहे. पेठेतल्या बायका सांगायला आल्या तर त्यांच्या पण शिवून द्यायची, पैसे घ्यायची नाही, म्हणायची, "दोरा तुमचा आणा, बास." आता हीच गोष्ट प्रदर्शनात मांडतात आणि लोक भारी किंमत देऊन घेऊन जातात, चांगलंच आहे, करणाऱ्या बाईला पैसे मिळाले पाहिजेत. पण ज्यांनी आयुष्यभर हे घरात बसून केलं त्यांना कुणी कलाकार म्हणाल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

उन्हाळा आला की चटणी. कोल्हापुरात चटणी कशाला म्हणतात ते आपल्या वाचकांना माहीतच आहे, वर्षभराचा कांदा-लसणाचा लाल मसाला. आज्जीचं गणित ठरलेलं, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि दोन्हीचं प्रमाण ती मिरची हातात घेऊन, देठ मोडून, वास घेऊन ठरवायची, कागदावर कधी लिहिलं नाही. कांदा वाळवायचा, लसूण सोलायचा, धणे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजायचं, मग मसाला कुटायच्या डंकावर जाऊन तिथंच स्टूल टाकून बसायची, आपला माल दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. तिथनं घरी आली की डोळे लाल, पदराला शिंका. बरणी भरली की वर हिंगाचे खडे ठेवायची आणि फडकं बांधायची. मुलीकडं एक बरणी, पुण्याला नातवाकडं एक, शेजारी एक वाटी, आणि हे सगळं झाल्यावर घरात उरेल ते आपलं. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा तिच्या चटणीचा असायचा, त्याच्याबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही.

घरासाठी तिनं काय केलं हे मात्र मोजून सांगता येत नाही. माझी आई नोकरी करायची, त्यामुळं आम्हाला तिनंच वाढवलं, आजारपणं काढली, अभ्यासाला बसवलं, दहावीला मी पहाटे उठायचे तर ती माझ्याआधी उठून वाकळ शिवत समोर बसायची, बोलायची काही नाही, नुसती सोबत. आजोबा शेवटी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं तिनं केलं. पण घराची माया आणि तिचा छंद अशा दोन वेगळ्या गोष्टी तिच्याकडं नव्हत्याच. वाकळ घरासाठी, चटणी घरासाठी, पण त्यात तिचा स्वतःचा आनंद पण होता आणि तो ती लपवायची नाही. चांगली झाली वाकळ की दारातल्या कठड्यावर टाकायची, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसली पाहिजे.

निव्वळ स्वतःसाठी म्हणाल तर वाचन. चौथी पास बाई, पण मुलं मोठी झाल्यावर काकांनी तिला करवीर नगर वाचन मंदिराची मेंबर करून दिली. ही लायब्ररी १८५० सालची, आपल्या गावातली एवढी जुनी संस्था, आणि तिथं आमची आज्जी पिशवीत पुस्तक घालून अंबाबाईचं दर्शन घेऊन जायची. कादंबऱ्या वाचायची, पसंत पडली नाही तर अर्धी सोडून परत द्यायची, संकोच नाही. आपल्या पेपरातलं शब्दकोडं तर तिचंच, दुसऱ्या कुणी पेन लावलेलं चालायचं नाही. मी ऑफिसला निघाले की हाक यायची, "आगं, ह्या आडव्या सातला काय येतंय बघ की, चार अक्षरी, मी कवापास्नं बसलोय." अडलं तर दुसऱ्या दिवशीचं उत्तर बघून ती नवीन शब्द मागच्या पानावर लिहून ठेवायची. दुपारी सांगली आकाशवाणी. आणि नाटक. केशवराव भोसले नाट्यगृहात आजोबांबरोबर तिनं किती नाटकं बघितली असतील, ती त्याला शेवटपर्यंत पॅलेस थेटरच म्हणायची, १९१५ साली महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थेटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं शब्दकोड्याला हात लावला नाही, फोटोचं पानच बघत बसली होती.

आता गौरीबद्दल, कारण मुख्य तेच आहे.

आमच्याकडं गौर आणायला मुली पाणवठ्यावर जातात, गाणी म्हणत रोपं घेऊन येतात, मग भाजी-भाकरीचा निवद, दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतो, आणि रात्रभर झिम्मा-फुगडी. पेठेत आज्जीशिवाय हे व्हायचंच नाही. पिंगा, सूप नाचवणं, घागर घुमवणं, काटवटकणा, हे सगळं तिनं माहेराहून आणलं आणि पेठेतल्या पोरींना शिकवलं. गाणी तर किती, एक संपलं की श्वास न घेता दुसरं. एका साखर कारखान्याच्या जुन्या डायरीत तिनं ती लिहून ठेवलीत, बारीक गोल अक्षरात, मध्ये मध्ये स्वतःच्या ओव्या पण घातल्यात.

आजोबा गेले आणि हे थांबलं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण हळदीकुंकवाची बोलावणी यायची बंद झाली, आणि गौरीच्या रात्री ती आपण होऊन भिंतीला टेकून बसायला लागली. पोरी गाणं विसरल्या की तिथनं पुढची ओळ सांगायची, पण रिंगणात पाय ठेवायची नाही. जिनं सगळ्यांना नाचायला शिकवलं ती बाई भिंतीला टेकून बसलेली, मला ते बघवायचं नाही. आम्ही हाताला धरून ओढायचो, ती म्हणायची, "नगं गं, लोक काय म्हणतील."

मग मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं ह्या प्रथा बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढं राज्य सरकारनं पण सगळ्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आज्जीनं ती बातमी आपल्या पेपरातनं कात्रीनं कापली, डायरीत ठेवली, आणि आठ दिवस त्याच्यावर एक शब्द बोलली नाही. त्या वर्षीच्या गौरीला माझ्या आईनं आणि शेजारच्या काकूंनी आधी तिला हळदीकुंकू लावलं, मग हात धरून मध्ये आणलं. दोघीतिघी बायका उठून गेल्या, जाऊ देत. आज्जीनं पदर खोचला. त्या वयात फुगडी काय घालणार, पण रिंगणात उभी राहून टाळ्या वाजवत ती पहाटेपर्यंत म्हणत होती, आवाज बसला तरी थांबेना. हेरवाडच्या माणसांना कुणी हे पत्र दाखवलं तर त्यांना सांगा, तुमच्या ठरावानं शुक्रवार पेठेतली एक म्हातारी परत गायला लागली.

ओव्यांचं म्हणाल तर एक इथं देतेच. आमच्या भागाला महापूर नवा नाही, २००५ झाला, २०१९ झाला, २०२१ झाला. जुलै लागला की आज्जी शब्दकोड्याच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचायची, इशारा ३९ फूट, धोका ४३, हे घरातल्या बारक्या पोरांना पण पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आम्ही कागदपत्रं आणि दागिने शोधत होतो आणि ही वाकळा माळ्यावर चढवा म्हणून मागं लागलेली, डायरी पोटाशी धरून. नातेवाइकांकडं राजारामपुरीत आठवडाभर होतो, तिथं तिनं लिहिलं:

पंचगंगा गं आली दारी, तिला म्हनतो बस बाई
माझ्या घरात लेकरंबाळं, आत यायाला जागा न्हाई

पाणी आत आलंच, फरशी उखडली, कपाट गेलं. वाकळा वाचल्या. घरी परतल्यावर चिखल काढून झाला की ज्यांचं अंथरूण पांघरूण सगळं भिजलं होतं त्या शेजाऱ्यांना तिनं त्यातल्या बऱ्याचशा देऊन टाकल्या, वर्षानुवर्षाच्या वाकळा, आणि दुसऱ्या दिवशी नवीन शिवायला बसली. मला तेव्हा रडू आलं होतं, कारण माझ्या आवडीची पण त्यात गेली. आज ती समोरच्या घरातलं बाळ घेतं.

ह्या नदीशी तिचं असं होतं की रागवायची आणि तिची काळजी पण करायची. रक्षा नदीत सोडू नका, तिला आधीच लई भार झालाय, असं तिनं खूप आधी सांगून ठेवलेलं, म्हणून आम्ही तिची रक्षा माहेरच्या शेतात आंब्याच्या बुंध्याला घातली. होळीला आमच्या घरातनं शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगा स्मशानभूमीला द्यायचा तिचा नेम होता. आपली महापालिका तिथं कुणाकडूनही अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि त्याला गावातले लोक असा हात लावतात, याचा तिला फार अभिमान होता, बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास सांगायची.

आता सांगा संपादक साहेब, एवढी बाई, आणि बातमीत पश्चात परिवार. माझी काकांवर पण तक्रार नाही, त्यांनी दुःखात जे नेहमीचं असतं ते लिहून दिलं. पण "उत्तम वाकळा शिवत, गौरीची गाणी येत" एवढे शब्द घालायला किती जागा लागली असती? कुणाच्या आज्जीच्या हाताला भाकरीची चव असेल, कुणाची दारात ठिपक्यांची रांगोळी काढत असेल, अष्टमीच्या रात्री अंबाबाईच्या पालखीच्या वाटेवर बायका रांगोळ्या घालतात त्यातली एखादी असेल, कुणाची झाडपाल्याची औषधं देत असेल, कुणाची सुईण असेल आणि अर्धी पेठ तिच्या हातावर जन्मली असेल. ते माणूस गेल्यावर गावाला कळायला पाहिजे, निदान नाव वाचून कुणीतरी म्हणेल, हां, त्या होय, त्यांच्याकडनं मी शिकले होते. आपण सुरुवात केलीत तर बाकीचे पेपर पण करतील असं मला वाटतं.

आणखी एक काम आहे, ते वाचकांकडं. आज्जीच्या डायरीतली सगळी गाणी मी आता टाइप करून काढतेय, पेठेतल्या मुलींना झेरॉक्स द्यायच्यात. पण काही गाण्यांच्या तिनं पहिल्या चार ओळी लिहून पुढं "वगैरे" असं लिहून सोडलंय, तिला पाठच होती म्हणून. एक गाणं सासुरवाशिणीच्या निरोपाचं आहे, तिचा निरोप नेणाऱ्याला वाटेत एकेक नदी लागते, भोगावती आणि तुळशीपर्यंत लिहिलंय, कुंभी, कासारीचं कडवं नाही. दुसरं शंकरोबाचं. तो गौरीला न्यायला आलाय आणि ती निघायला तयार नाही, प्रत्येक कडव्याला नवीन निमित्त काढते. आधी म्हणते भाकरी थापायच्या राहिल्यात, मग म्हणते वासराला पाणी दाखवायचंय, तिथनं पुढं आमच्या घरात कुणालाच आठवत नाही, आत्याला पण नाही. गारगोटी, कडगाव, राधानगरी, आजरा ह्या बाजूच्या कुणा आज्जींना हे येत असेल तर नातवंडांनी कृपया त्यांच्याकडनं लिहून घेऊन पेपरच्या पत्त्यावर पाठवावं, चाल मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवली तर अजून बरं. गौरीच्या आधी आठ दिवस मिळालं तर मुलींचं पाठ करून होईल.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक नात, कोल्हापूर